मुंगी बोलेपर्यंत

४ मार्च

प्रिय बाबा,

पोचले. रस्ता जिथे संपतो तिथून पुढे दोन तास जीपमध्ये आदळत आलो तेव्हा आमचा तळ आला. पत्र्याच्या खोल्या, समोर डोंगर आणि डोंगराच्या पोटात आमचा अर्धवट बोगदा. फोन फक्त साहेबांच्या खोलीत आहे. तो कामापुरता, आणि तोही बोलता बोलता मध्येच गप्प होतो, अगदी तुमच्या नातीसारखा. टपाल मात्र जीपबरोबर आठवड्यातून दोनदा येतं-जातं. तेव्हा लिहा.

मुंगीच्या बाबांची बोट जूनशिवाय बंदराला लागत नाही, म्हणून तिला तुमच्यावर टाकून यावं लागलं. दूध पिते, भाजी टाळते, झोपताना दिवा लागतो. एवढं सांभाळलंत की झालं. खरी काळजी वेगळीच आहे, ती तुम्हाला माहीत आहे.

एप्रिलच्या शेवटी नव्या शाळेच्या मोठ्या बाई तिला एकटीला आत बोलावून गप्पा मारणार आहेत. बोलली तर पहिलीत, नाही बोलली तर आणखी एक वर्ष बालवर्गात. घरात हिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की मूग गिळून बसते. बालवर्गाच्या बाईंनी वर्षभरात तिचा आवाज ऐकलेला नाही. हिला ऐकू येतं ना, असं त्या मला दोनदा विचारून गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी मुंगी मला म्हणाली, "सगळे मोठ्या खुर्चीत जाणार आणि मी एकटीच छोट्या खुर्चीत का?" त्यानंतर मला बॅग भरवेना.

तिला बाहेर न्या. बागेत, दुकानात, माणसांत. कुणी काही विचारलं तर तिला बोलू द्या. तुम्ही जन्मभर नाटकात प्रॉम्प्टर होतात, विंगेत उभं राहून विसराळू नटांना बोलतं केलंत. एका पाच वर्षांच्या मुलीला बोलतं करणं तुम्हाला काय जड आहे?

तुमची लेक

११ मार्च

इंजिनीअरबाई, आशीर्वाद.

आधी खाली बैस आणि मग पुढचं वाच. मुंगी बोलली.

प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. तिकिटाच्या खिडकीतला माणूस असा बसला होता की प्राणी त्याच्या घरचे आहेत आणि आपण ते उसने मागायला आलोय. मुंगी टाचा उंचावून खिडकीपाशी, मी तिच्या मागे. "किती?" तो म्हणाला. जरा वेळ सगळं शांत. आणि मग आमच्या बाईसाहेबांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "एक अख्खं, एक अर्धं. आणि उपकार केल्यासारखं तोंड करू नका."

तो आधी तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघायला लागला. मी आकाशाकडे बघत होतो.

आत पाणघोड्यापाशी अर्धा तास गेला. पाण्यातून नुसते कान वर, बाकी ऐवज खाली. तिथल्या रखवालदारानं कौतुकानं विचारलं, "काय बाळ, आवडला का पाणघोडा?" मुंगी म्हणाली, "काम चांगलं आहे, पण एंट्रीला फार वेळ लावतो." रखवालदार इतका हसला की त्याच्या हातातली बादली सांडली. परतताना बसच्या कंडक्टरलाही तिनं "पुढे सरकायला पुढे जागा आहे का?" असा रोखठोक सवाल केला. तेव्हा बालवर्गाच्या बाईंना म्हणावं, ऐकू आम्हा सगळ्यांनाच येतं.

भाजी टाळते हे खरं आहे. मीही टाळतो. आमचं छान जमलं आहे.

बाबा

१६ मार्च

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मग आमच्या स्वयंपाकीकाकांना वाचून दाखवलं, मग सुरुंगवाल्यांना. सुरुंगवाले सहसा हसत नाहीत, त्यांच्या धंद्यात बरं नसतं ते, पण पाणघोड्याला तेही हसले. "मुलगी तयार आहे," असं काका म्हणाले आणि मला ताटात एक वाढीव पोळी मिळाली.

माझंच चुकत होतं म्हणायचं. मी इतके दिवस तिच्याशी बोलून, समजावून, रागावून थकले, आणि तुम्ही आठवड्यात काम फत्ते केलंत. 'एंट्री' वगैरे शब्द अर्थातच तुमच्याकडून उचललेत, पण उचलू देत. मी इथून आता उंटावरून शेळ्या हाकणार नाही.

फक्त एक. तिचे कपाळावरचे केस डोळ्यांत येतात. मोठ्या बाईंना बोलताना तिचे डोळे दिसायला हवेत. एकदा कापून आणा, पण फक्त कपाळावरचे, बोटभर. आणि सलूनवाल्याला काय हवं ते तिलाच सांगू द्या. आता तर ती सांगेलच.

आज मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागेल.

तुमची लेक

२३ मार्च

इंजिनीअरबाई, आशीर्वाद.

इकडे ऊन वाढलं आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो दुरुस्त केला. आता न्हाणीघरातला गळतो. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी मांजर पाळलं आहे, ते आमच्या खिडकीत येऊन बसतं आणि मुंगी त्याच्याशी तासतासभर बोलते. मांजर उलट बोलत नाही, तो त्याचा मोठा गुण आहे. माझा गुडघा बरा आहे. चष्म्याची काडी सैल झाली आहे.

केस कापून आणले. थोडे जास्त गेले आहेत. उन्हाळ्याचं डोक्याला बरंच असतं.

पण सांगायचं ते हे, की मुंगीनं काय ऐटीत सांगितलं. उंच खुर्चीवर फळी टाकून तिला बसवलं होतं, गळ्याभोवती चादर, मी खुर्चीच्या मागे. सलूनवाल्यानं आरशात बघून विचारलं, "कसे कापायचे, मॅडम?" थोडा वेळ गेला. मग एका दमात, न अडखळता म्हणाली, "बाजूनं बारीक, मागून मशीन मारा, वरच्यांना हात लावू नका, आधीच मोजके उरलेत." शब्दफेक अशी की बाकावर बसलेल्या दोघांनी वर्तमानपत्रं खाली केली. सलूनवाला आज्ञाधारक माणूस निघाला. माझं लक्ष जाईपर्यंत दोन्ही बाजू झाल्या होत्या.

मुंगीची काही तक्रार नाही. घरी आल्यावर आरशासमोर माझ्या शेजारी उभी राहिली, दोघांची डोकी नीट निरखली आणि म्हणाली, "आजोबा, आता मी तू." मला तर ती चांगली दिसते.

बाबा

२९ मार्च

बाबा,

'आधीच मोजके उरलेत' हे मुंगीचं वाक्य नाही. तिच्या डोक्यावर जंगल होतं. हे वाक्य मी लहानपणापासून दर महिन्याला सलूनच्या दारात ऐकलं आहे, आणि ते कुणाचं आहे हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

मग मी तुमचं आधीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. 'मुंगी खिडकीपाशी, मी तिच्या मागे.' 'मी आकाशाकडे बघत होतो.' चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तिकीटवाल्याचं तोंड, पाणघोड्याची एंट्री, कंडक्टरला सवाल, सगळं तुमचं. तुम्ही मागून कुजबुजत होतात आणि ती पुढे म्हणत होती. आणि सलूनमध्ये सवयीनं स्वतःचंच वाक्य दिलंत आणि पोरीला स्वतःची हजामत करवून आणलीत.

मी रागावले आहे. केसांसाठी तर आहेच. पण बाबा, मोठ्या बाईंच्या खोलीला विंग नाही. दार लागलं की ती आत एकटी असणार. ती तुमच्या आवाजाची वाट बघत बसेल आणि तो येणारच नाही. तेव्हा तिचं काय होईल याचा विचार केलात का?

तुमच्या कंपनीत तो दुसरा प्रॉम्प्टर होता, त्याच्यावर तुम्ही घरी येऊन किती चिडायचात. नट थांबला आहे की विसरला आहे हे ज्याला कळत नाही त्यानं विंगेत उभं राहू नये, असं म्हणायचात. आता तुम्हीच सांगा. प्रत्येक पत्रात तुम्ही लिहिलं आहे, जरा वेळ शांत, थोडा वेळ गेला. त्या वेळात मुंगी विसरली होती, की नुसती थांबली होती?

स्वयंपाकीकाका रोज विचारतात, मुलगी आज काय बोलली. मी सांगते, टपाल आलं नाही.

तुमची लेक

२ एप्रिल

इंजिनीअरबाईंस,

पत्र पोचलं. मिरच्या झोंबायच्या तिथे झोंबल्या.

चाळीस वर्षं विंगेत उभा राहिलो. माझ्या हातून एकाही नटाचं वाक्य बुडालं नाही आणि एकाही नटाच्या थांबण्यावर मी शब्द फेकला नाही. हे मी लिहून ठेवतो, कारण आज ते वाचायला मलाच बरं वाटेल.

आता खरं सांगतो. चार माणसं तिच्याकडे बघत असतात आणि ती स्वतःच्या बुटांकडे बघत असते. कुणीतरी म्हणतं, "बोलत नाही का ही?" ते मला बघवत नाही. नटाची मला कधी एवढी दया आली नाही, त्याला पगार मिळत होता. तू ते डोंगराच्या पलीकडून बघतेस, मी हातभर अंतरावरून बघतो. तोंडातून शब्द कधी गेला हे मलाही कळत नाही.

पण तुझं म्हणणं बरोबर आहे. लिहायला जड गेलं, तरी लिहिलं.

आईला काय कळवू, असं मुंगीला आत्ता विचारलं. ती विचार करते आहे. मी वाट बघत बसलो आहे, तिला काही सुचवलेलं नाही. टपाल उचलायची वेळ झाली आणि तिचं उत्तर अजून आलेलं नाही, तेव्हा ते पुढच्या पत्रात.

बाबा

९ एप्रिल

इंजिनीअरबाई, आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे, कारण राहवत नाही.

आधी मुंगीचा निरोप. तो त्या दिवशी टपाल गेल्यावर, जेवताना आला. 'आईला विचार, डोंगराची दुसरी बाजू कुठे आहे ते त्यांना नक्की माहीत आहे ना.' मी काहीही सुचवलेलं नाही.

आता कालचं. तळ्यावर गेलो होतो, तिथे भाड्याच्या होड्या मिळतात. मी जाण्यापूर्वी दुकानातून चिवट गोळ्यांची पुडी घेतली आणि दोन एकदम तोंडात टाकल्या. त्यांनी माझ्या वरच्या कवळीची आणि खालच्या कवळीची अशी गाठ घातली की कुजबुजणं सोड, मला जांभईही देता येत नव्हती.

रांग होती. आमचा नंबर आला. होडीवाला वाकून मुंगीला म्हणाला, "बोला ताई, कोणती होडी? लाल, पिवळी, का बदकाची?" मुंगी बुटांकडे बघायला लागली. मी चावत राहिलो.

वेळ जायला लागला. मागच्या बाई म्हणाल्या, "लाल घे ग, लाल छान आहे." त्यांच्या मागचे गृहस्थ म्हणाले, "लहान मुलांना बदक आवडतं." एक मुलगा ओरडला, "पिवळी." होडीवाला म्हणाला, "लाजते वाटतं." बघता बघता सगळी रांग प्रॉम्प्टर झाली, आणि सगळे वाईट प्रॉम्प्टर. मला असा संताप आला की मी बोटानं गोळ्या तोंडातून काढल्या, रांगेकडे तोंड केलं आणि म्हणालो, "कुणी बोलू नका. ती विसरलेली नाही. ती थांबली आहे."

गोळ्या हातात धरलेला म्हातारा बघून लोक गप्प झाले. तळ्यावर बदकं तेवढी बोलत होती. आता सांगतो, चाळीस वर्षांत मी इतका घाबरलो नव्हतो. वाटलं, नाहीच बोलली तर? मग माझ्या तोंडात ना गोळ्या ना वाक्य.

आणि मग मुंगीनं मान वर केली. होडीवाल्याला म्हणाली, "मला होडीत नाही बसायचं. मला ती दोरी सोडायचीय."

आवाज अगदी बारीक. शब्दफेक शून्य. पण वाक्य तिचं होतं, इंजिनीअरबाई. मी सात जन्म विंगेत उभा राहिलो असतो तरी मला ते सुचलं नसतं. मी तिला महिनाभर मला आवडणाऱ्या ठिकाणी हिंडवलं आणि माझीच मतं तिच्या तोंडून ऐकून खूश झालो. ही मुलगी धक्क्यावर आल्यापासून त्या दोरीकडे बघत होती.

होडीवाला भला माणूस. त्यानं तिला गाठ सोडायला शिकवली. दुपारभर ती धक्क्यावर उभी होती. प्रत्येक होडीतल्या माणसांना विचारायची, "बसलात का नीट?" उत्तर मिळेपर्यंत दोरी सोडायची नाही. त्या लाल होडीवाल्या बाईंना तिनं तीनदा विचारलं. मी बाकावर बसून कवळी साफ करत होतो आणि माझे डोळे सारखे भरून येत होते. ऊन फार होतं.

बाबा

१५ एप्रिल

प्रिय बाबा,

परवा पत्र मिळालं. वाचलं आणि ते घेऊन बोगद्याच्या तोंडाशी जाऊन बसले. थोड्या वेळानं स्वयंपाकीकाका शोधत आले. मी रडते आहे हे बघून त्यांना वाटलं काही वाईट बातमी आहे. मी म्हटलं, काका, ती दोरी सोडते आहे. ते काही न विचारता चहा ठेवून गेले.

मुंगीचा प्रश्न मी साहेबांसमोर मांडला. ते आधी हसले, मग संध्याकाळी हळूच मोजणी पुन्हा करून घेतली. तिला सांगा, दुसरी बाजू सापडलेली आहे. आणखी एक सांगते. हे साहेब बैठकीत माझं प्रत्येक वाक्य अर्ध्यात पकडून स्वतः पुरं करतात. काल मी त्यांना म्हटलं, "थांबा, माझं व्हायचंय." सगळी खोली तुमच्या रांगेसारखी गप्प झाली. मग माझं झालं.

आता वाईट. बोगद्यात पाणी शिरलं आहे. कुणाला काही लागलेलं नाही, पण सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. चोवीस तारखेला मोठ्या बाईंच्या भेटीसाठी मी येणार होते, ते आता जमणार नाही. मुंगीला शाळेत तुम्हालाच न्यावं लागेल.

बाबा, तुम्ही दाराबाहेर बसा. आतून काहीही ऐकू आलं, किंवा काहीच ऐकू आलं नाही, तरी बसून राहा. जित्याची खोड असते हे मला माहीत आहे. गोळ्या दोन पुरणार नाहीत, चार घ्या. आणि ती नाहीच बोलली, तर तिला काही म्हणू नका. तळ्यावर न्या. छोटी खुर्ची तर छोटी खुर्ची, आपण तिघं मिळून बघू.

हे लिहायला सोपं होतं. मला इथे काही सुचत नाही आहे.

तुमची लेक

२४ एप्रिल

बाळ, आशीर्वाद.

आधी निकाल सांगतो, म्हणजे तू सरळ श्वास घेऊन पुढचं वाचशील. मुंगी पहिलीत गेली.

आता ऐक. मोठ्या बाई स्वतः दारात आल्या, मुंगीचा हात धरला आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही इथेच." मुंगीनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही, तोंडात चार गोळ्या होत्या. दार लागलं.

बाहेर बसायला मोठी खुर्ची नव्हती. मी त्या छोट्या खुर्चीतच बसलो, गुडघे कानांपाशी. खरं सांगतो, फार वाईट असते ती खुर्ची. पोरीला तिथे बसायचं नव्हतं यात काही नवल नाही. शिपाई आला आणि त्यानं माझं नाव विचारलं. मला तोंड उघडता येईना. त्यानं पुन्हा विचारलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घाबरू नका आजोबा, बाई फार चांगल्या आहेत." आणि मला पहिलं अक्षर सुचवायला लागला. क, ख, ग करत तो 'म'पर्यंत आला होता.

आतून मुंगीचं काही ऐकू येत नव्हतं. बाईंचा आवाज यायचा, मग शांतता. पुन्हा बाईंचा आवाज, मग त्याहून मोठी शांतता. मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. दुसऱ्यांदा खुर्ची माझ्याबरोबर उठली, ती शिपायानं सोडवली. मला तुझा राग आला, मोठ्या बाईंचा आला, स्वतःचा आला. दाराला एक फट होती. तिला तोंड लावलं असतं तर आत सहज पोचलं असतं. मी हाताची घडी घालून बसून राहिलो. इतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

मग दार उघडलं. बाई हसत होत्या. म्हणाल्या, "तुमची नात वेळ घेते."

मी गोळ्या रुमालात काढल्या आणि म्हणालो, "हो. घेते."

"मी तिला विचारलं, घरी कोण कोण आहे. बराच वेळ गेला, म्हणून मी दुसरं विचारायला गेले, तर तिनं मला हातानं थांबवलं. मग सगळं सांगितलं. बाबा बोटीवर, आई डोंगराला भोक पाडते, दुसरी बाजू सापडली आहे. मग मी विचारलं, आणि आजोबा काय करतात? यावर तिनं सगळ्यात जास्त विचार केला."

मनात म्हटलं, आता पाणघोडा निघणार, सलून निघणार.

"म्हणाली, आजोबा थांबतात. मला कळेना. मी विचारलं, कुठे थांबतात? तर म्हणाली, दाराबाहेर. माझं बोलून होईपर्यंत."

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही पूर्वी काय काम करत होतात, आजोबा?"

साधा प्रश्न होता. उत्तर मला झोपेतही देता आलं असतं. पण मला शब्दच फुटेना. बाई बघत होत्या, शिपाई बघत होता. मी आपला बुटांकडे बघत उभा.

मुंगीला उत्तर माहीत होतं. ती माझा हात धरून शेजारी उभी राहिली, आणि काही न बोलता थांबली.

बाबा